पहिल्या दिवसासारखी गाडी

माझे दीर वजनकाटे दुरुस्त करतात. किराणा दुकान, भाजीबाजार, भंगाराची वखार, जिथे म्हणून काही तोलून विकलं जातं तिथून त्यांना बोलावणं येतं. काट्याचं पोट उघडायचं, आतली झुरळं झटकायची, काय बिघडलंय ते शोधायचं, आणि मग स्वतःची खात्रीची वजनं वर ठेवून काटा खरं बोलतो की नाही ते बघायचं. ही वजनं ओतीव लोखंडाची. पेटी भरली की ती दोन माणसांनी धरावी लागते, त्यामुळे या धंद्यात गाडीशिवाय चालत नाही. दिरांचं तर मुळीच चालत नाही, कारण त्यांचा डावा पाय लहानपणच्या तापात गेला. "पाय आहे की वहिनी," ते म्हणतात, "नुसता सोबतीला आहे. कामाला बोलावलं की येत नाही."

आम्ही एकाच घरात राहतो. वर मी आणि माझे यजमान, खाली दीर आणि त्यांची मुलगी. जाऊबाई गेल्या तेव्हा मुलगी शाळेत होती. आता ती एका दवाखान्यात एक्स-रे काढते, पण बापासाठी अजून चिमणीच आहे. आणि बाप सगळ्या गल्लीसाठी काटेवाले.

गाडी माझ्या सासऱ्यांची. ते गेल्यावर ती कितीतरी दिवस दाराशी नुसती उभी होती. यजमानांना गाडीत रस नव्हता. दिरांना फार होता, पण क्लच डाव्या पायाने दाबायचा असतो, तिथे सगळं अडलं. मग एक दिवस त्यांनी गाडीच्या तळाच्या पत्र्याला भोक पाडलं आणि एका मोडलेल्या तराजूची लोखंडी दांडी आत उभी केली. खालचं टोक क्लचला जोडलेलं, वरचं टोक गिअरच्या अलीकडे, कोपराशी येईल असं. डाव्या कोपराने दांडी पुढे रेटली की क्लच दाबला जायचा, आणि त्याच हाताच्या पंजाने गिअर टाकायचा. उजवा हात स्टिअरिंगवर, उजवा पाय ब्रेक आणि ॲक्सिलरेटरवर. सांगायला सोपं आहे. जमायला अख्खा उन्हाळा गेला. शाळेच्या मैदानात गाडी बेडकासारखी उड्या मारायची आणि यजमान लांबून ओरडायचे, "अरे, बाबांची गाडी आहे, घोडा नाही!" पण जमलं. पुढे रीतसर परवाना निघाला. परीक्षा घेणारा साहेब शेजारी बसून अर्धा तास ती दांडीच बघत होता म्हणे.

तेव्हापासून दिरांनी कोणालाही "मला जरा सोडता का" असं विचारलेलं नाही. त्यांच्या सगळ्या शर्टांची डावी कोपरं झिजतात. तिथे ठिगळ लावायचं काम माझ्याकडे.

दांडी नसेल तर ती गाडी म्हणजे दाराशी ठेवलेलं कपाट. ही गोष्ट आम्हा घरच्यांना इतकी ठाऊक होती की ती कोणाला सांगावी लागेल असं मला कधी वाटलं नसतं. पण चिमणीने सांगितली होती. दोनदा सांगितली होती, हे मी आधीच लिहून ठेवते. कारण पुढे ज्याने त्याने तिलाच बोल लावला.

रविवारी जेवणं झाली की बापलेक टीव्हीसमोर बसायचे. परदेशातला एक कार्यक्रम लागायचा. एखाद्या माणसाची जुनी, कुजलेली गाडी घरचे लोक त्याच्या नकळत कारागिरांच्या हवाली करतात. त्या माणसाला खोटं काहीतरी सांगतात. कारागीर ती गाडी पहिल्या दिवसासारखी करून देतात. शेवटी मालकाला एका मोठ्या शेडमध्ये नेऊन गाडीवरचं कापड ओढतात आणि मालक रडतो. तो धिप्पाड, दाढीवाला, हातभर गोंदवलेला असला तरी रडतो. दिरांना कार्यक्रम आवडायचा, पण बघताना तोंड गप्प नसायचं.

"यांच्याकडे एकही बोल्ट गंजून बसत नाही बघ. हात लावला की सुटला. आपल्याकडे हातोडा मोडतो, बोल्ट हसत बसतो."

"बाबा, बघू द्या ना."

"आणि हा रडतोय काय? गाडी मिळाली का गेली?"

त्याच कार्यक्रमाची आपल्या भाषेतली आवृत्ती निघणार अशी जाहिरात आली आणि चिमणीने गुपचूप गाडीचे फोटो पाठवून दिले. निवड झाली तेव्हा ती धावत वर आली, जिन्यात चप्पल सुटली तरी थांबली नाही. "काकू, आपली गाडी घेतली! पण बाबांना कळता कामा नये हं. तसा नियमच आहे त्यांचा. कळलं तर रद्द."

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. गाडीची दारं दोरीने बांधलेली होती. पावसात आतून छत्री धरावी लागायची. आणि या मुलीने बापासाठी काही करायचं म्हटलं तर बाप "मला काय कमी आहे" म्हणून विषय बंद करायचा. तिच्या मनात किती दिवसांचं साचलं होतं ते मला दिसत होतं.

कार्यक्रमाची एक समन्वयक होती. तरुण, चटपटीत, सगळ्यांना "डिअर" म्हणणारी. ती चिमणीशी फोनवर बोलायची तेव्हा मी शेजारी असायचे. चिमणी म्हणाली, "ताई, एक महत्त्वाचं. बाबा क्लच हाताने दाबतात. आत एक दांडी आहे, ती तशीच राहायला हवी." पलीकडून आवाज आला, "हो हो डिअर, सांगते टीमला." गाडी न्यायच्या आदल्या संध्याकाळी चिमणीने पुन्हा आठवण केली. "सांगितलंय गं, टेन्शन नको घेऊ."

गाडी गेली. दिरांना सांगायचं खोटंही त्यांनीच ठरवून दिलं होतं: रस्त्यात अडथळा होतो म्हणून वाहतूकवाल्यांनी उचलून नेली. परदेशातल्या पहिल्या भागात तेच खोटं होतं, म्हणून इथेही तेच.

आता परदेशातला माणूस असं ऐकल्यावर काय करत असेल मला माहीत नाही. आमचे दीर काठी घेऊन निघाले. उचललेल्या गाड्या जिथे ठेवतात त्या मैदानात गेले. उन्हात एकेका रांगेतून हिंडले. तिथल्या माणसाने सांगितलं, अशी गाडी आलीच नाही. ते दुसऱ्या मैदानात गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या. सोबत हिंडणाऱ्या चिमणीच्या पर्समध्ये कार्यक्रमवाल्यांनी बारका कॅमेरा दिला होता, तो ते सगळं टिपत होता. संध्याकाळी दीर ओसरीवर बसून पाय चोळत होते आणि ती आत स्वयंपाकघरात माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणत होती, "काकू, सांगून टाकू का?"

"टाक सांगून," मी म्हटलं.

तिने समन्वयक बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, "अगं डिअर, हेच तर सोनं आहे! त्यांना जितका त्रास, तितका शेवटी आनंद."

मी देवापुढे बसले की रोज काही मागत नाही. त्या आठवड्यात मागत होते. म्हटलं, या माणसाच्या पायाला झालेला त्रास वाया जाऊ देऊ नको.

मग तो दिवस आला. दिरांना सांगितलं, गाडी सापडली, शहराबाहेरच्या एका शेडमध्ये आहे, सही करून घेऊन यायची. ते घाईघाईने निघाले. वजनांची पेटीही सोबत घेतली, कारण येताना वाटेत वखारीचा काटा बघायचा होता. मी आणि चिमणी बरोबर. शेडच्या दाराशी पोचलो तर दिवे, कॅमेरे, माणसांची ही गर्दी. टीव्हीवरचा एक गोरागोमटा निवेदक पुढे आला आणि दिरांच्या गळ्यात पडला. दीर माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, हे कोण?"

"कट!" कोणीतरी ओरडलं. "काका, तुम्ही यांना ओळखता. सगळे ओळखतात. परत आत या."

दीर परत बाहेर गेले, परत आत आले, परत गळामिठी झाली. मग गाडीवरचं कापड ओढलं.

खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. सासऱ्यांनी पहिल्यांदा दाराशी आणून उभी केली तेव्हाचा फोटो आमच्या बैठकीत आहे. हुबेहूब तीच गाडी. तोच फिका निळा रंग, चकचकीत बंपर, दारांना दोऱ्या नाहीत, काचा अशा स्वच्छ की आहेत की नाहीत कळू नये. चिमणीने दोन्ही हात तोंडावर धरले होते. ती गाडीकडे बघतच नव्हती, बापाकडे बघत होती.

दिरांचा चेहरा क्षणभर लहान मुलासारखा झाला. ते काठी टेकत पुढे गेले, बॉनेटवर हात ठेवला, मग खिडकीशी वाकले. आत बघितलं. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"दांडी कुठाय?" ते म्हणाले.

"कट! काका, आधी रिॲक्शन. बोलायचं नंतर."

"अहो, पण दांडी कुठाय?"

"आधी तोंडावर हात. मग दोन पावलं मागे. मग रडायचं. तुमच्या वडिलांची आठवण काढा."

"वडिलांची कशाला? त्यांना दोन्ही पाय होते."

कॅमेऱ्यामागचं कोणीतरी खुदकन हसलं. दिग्दर्शक नाही हसला. तो बिचारा घामाघूम झालेला, हातातल्या कागदांकडे बघत म्हणाला, "मूळ कार्यक्रमात मालक कापड काढल्यावर लगेच रडतो. तिकडचे लोक हे सगळं तपासतात, काका. नाही रडलात तर माझी वाट लागेल."

चिमणी समन्वयक बाईंपाशी गेली होती. तिचा आवाज चढला होता. "मी सांगितलं होतं ना? दोनदा सांगितलं होतं!" बाई म्हणाल्या, त्यांनी वर कळवलं होतं. वरचे म्हणाले, त्यांनी शेडमध्ये कळवलं होतं. शेवटी मुख्य मेकॅनिकला बोलावलं. पन्नाशीचा, चष्म्यावर ग्रीस लागलेला माणूस. तो दिरांच्या नजरेला नजर देईना.

"निघाली होती ती सळई," तो म्हणाला. "मला कळलं नाही ती कशाला आहे. मी विचारलं, ठेवायची का? हे कार्यक्रमवाले म्हणाले, पहिल्या दिवसाच्या फोटोत नाही, काढा. म्हटलं, मालकाला एकदा विचारू या. तर म्हणाले, मालकाला विचारलं तर सरप्राइज काय राहिलं?"

"मग कुठाय ती?"

"भंगारात गेली, साहेब. बाकीच्या पत्र्याबरोबर."

दिरांनी खिडकीतून हात आत घालून दांडीच्या जागी चाचपून बघितलं. जाऊबाई गेल्या तेव्हा त्यांचा असा चेहरा मी बघितला होता.

पण कार्यक्रमाला त्याचं काय? शेवटचं दृश्य राहिलं होतं. मालक गाडी चालवत शेडबाहेर उन्हात निघून जातो, हे परदेशात प्रत्येक भागात आहे, म्हणून इथेही हवं. दिग्दर्शकाने इकडे तिकडे बघितलं आणि सामान हलवणाऱ्या माणसांतला एक टक्कलवाला शोधून काढला. टक्कल आणि अंगकाठी दिरांसारखीच. "काका, तुमचा शर्ट पाच मिनिटं द्याल का? मागून घेतो, चेहरा नाही दिसणार."

मला वाटलं, आता भावजी काठी उचलणार. त्यांनी मुकाट्याने शर्ट काढून दिला. कदाचित त्यांना फक्त तिथून निघायचं होतं. बनियनवर एका पत्र्याच्या खुर्चीत ते बसले, आणि त्यांचा शर्ट, मी कोपराला ठिगळ लावलेला, सासऱ्यांच्या गाडीत बसून झोकात निघून गेला. तिकडून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नियमाप्रमाणे.

घरी आलो ते कार्यक्रमवाल्यांनीच दिलेल्या टेम्पोने. मागे गाडी, पुढे आम्ही, वखारीचा काटा राहिला तो राहिलाच.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला काय म्हणावं मला सुचत नाही. दीर दुसऱ्याच दिवशी तळाला भोक पाडायला निघाले, तर चिमणी आडवी आली. तिने कागदावर सही करून दिली होती: भाग दाखवला जाईपर्यंत गाडीत काहीही बदल करायचा नाही, पुन्हा चित्रण लागलं तर ती तशीच मिळाली पाहिजे.

"कधी दाखवणार?"

"पुढच्या महिन्यात म्हणाल्या."

पुढच्या महिन्यात म्हणाल्या, त्याच्या पुढच्या. मग म्हणाल्या, क्रम बदललाय. मग फोन उचलेनाशा झाल्या. उचलला की, "डिअर, मी तुला कळवतेच." गाडी दाराशी कापडाखाली. गल्लीतली मुलं कापड उचलून फोटो काढायची. येणारा जाणारा म्हणायचा, "काटेवाले, नशीब काढलंत!" आणि काटेवाले रिक्षाची वाट बघत नाक्यावर उभे. रिक्षावाले पेटी बघून पुढे निघून जायचे. वजनं कमी नेली तर मोठा काटा तपासता येत नाही, म्हणून वखारी सुटल्या. लांबचे बाजार सुटले. उरली आसपासची वाण्यांची दुकानं.

चिमणी म्हणाली, मी सोडते, दवाखान्याची वेळ बदलून घेते. तिला गाडी छान येते. ते तीन-चार दिवस मी वरून ऐकत होते.

"गिअर काय असा घालतात? आवाज ऐक जरा."

"बाबा, मी चालवतेय ना?"

"चालवतेयस कुठे, ओढतेयस. क्लच सोड आता. सोड!"

"मग तुम्हीच चालवा!"

हे तिच्या तोंडून निघून गेलं. त्या दिवशी दीर रिक्षाने परत आले. पुढे ते तिच्याबरोबर गेले नाहीत.

यजमान म्हणाले, "पोरीने हौस केली, पण नसती हौस." शेजारीण म्हणाली, "नीट सांगायला हवं होतं हो तिने." मी एकदा भांडून बघितलं, मग सोडून दिलं. चिमणी रविवारी टीव्ही लावेनाशी झाली. संध्याकाळी दवाखान्यातून आली की परस्पर वर यायची, माझ्यापाशी भाजी निवडत बसायची. खाली बाप, वर लेक, मधे जिना. मी एकदा दिरांना म्हटलं, "भावजी, तिच्यावर राग धरू नका."

"तिच्यावर नाही हो. पण राग ठेवू कुठे? ते फोनच उचलत नाहीत."

आणि मग एक दिवस फोन त्यांचाच आला. समन्वयक बाई एकदम गोड. भाग आता नक्की दाखवणार, तारीख ठरली, फक्त एक छोटंसं काम. काकांचं रडणं मिळालेलं नाही. बाकी सगळं सुंदर आहे. परदेशात भाग मंजुरीला पाठवला तर तिकडून विचारणा आली, मालकाचे अश्रू कुठे आहेत? तर काकांनी गाडी घेऊन शेडमध्ये यायचं, एकच शॉट.

चिमणीने फोन स्पीकरवर ठेवला होता. दिरांनी तिच्या हातातून घेतला.

"येतो," ते म्हणाले. "पण गाडी मी स्वतः चालवत आणणार."

"अरे वा, काका! मग तर फारच छान!"

फोन बंद करून दीर चिमणीकडे वळले. "ऐकलंस ना काय म्हणाल्या?"

"बाबा, त्यांना कळलेलं नाहीये तुम्ही काय म्हणताय ते."

"त्यांना कळावं म्हणून मी किती दिवस थांबायचं?"

त्याच दुपारी कापड निघालं. नवा गालिचा कापताना माझाच जीव वर-खाली झाला. पत्र्याला भोक पाडलं. दुसऱ्या एका काट्याची दांडी होती, ती लावून बघितली. पण गाडीत आता नवा क्लच होता, ताठ आणि जड, आणि त्याचा कोनही वेगळा. दांडी अर्ध्यात अडकायची. दीर खाली झोपायचे, उठायचे, कोपराने रेटून बघायचे, शिवी हासडायचे, मी बाहेर आहे हे लक्षात आलं की "माफ करा वहिनी" म्हणायचे आणि पुन्हा खाली झोपायचे. चिमणी जवळ जाऊन नुसती उभी राहायची. शेवटी तिने न विचारता पाना हातात दिला. त्यांनी घेतला.

जायच्या दिवसापर्यंत दांडी हलायला लागली होती. पहिल्यासारखी नाही. पूर्वी कोपराने नुसतं ढकललं की पुरायचं, आता खांद्यापासून जोर लावावा लागे. पण गाडी चालत होती आणि चालवत दीरच होते. मी मागच्या सीटवर, चिमणी पुढे. दीर शीळ घालत होते. कितीतरी महिन्यांनी.

शेडमध्ये गाडी शिरली तसा तोच दिग्दर्शक हसत पुढे आला, आणि काच खाली होताच हसू तिथेच राहिलं.

"हे काय केलंत?"

"चालवत आणली. बाईंना विचारून."

समन्वयक बाई पळत आल्या. "काका, चालवत आणा म्हणजे, अहो, कोणीतरी चालवेल असं मला..." एका मुलीने मागच्या चित्रणाचे फोटो उघडून गाडीच्या आतल्या भागाशी ताडून बघितले. गालिचा कापलेला, मधोमध काळी दांडी उभी. ती म्हणाली, जुळत नाही. कापड काढल्यावर मालक आत वाकून बघतो, तिथे हे सगळं दिसणार. दिग्दर्शक बाजूला जाऊन फोनवर बराच वेळ बोलला. परत आला तेव्हा दमलेला होता.

"हा भाग रद्द करावा लागेल," तो म्हणाला. "दुसरी गाडी घेतील."

"बरं," दीर म्हणाले. "निघू मग?"

पण चिमणीचा बांध फुटला. तिथेच, शेडच्या मधोमध, ती ढसाढसा रडायला लागली. इतके महिने जे जे गिळलं होतं ते सगळं बाहेर आलं. "मला फक्त बाबांना छान गाडी द्यायची होती," एवढंच ती परत परत म्हणत होती. आणि कॅमेरा धरलेल्या माणसाने, देव त्याला क्षमा करो, सवयीने कॅमेरा तिच्याकडे वळवला.

दीर काठीशिवायच गाडीतून उतरले. दाराला धरून उभे राहिले. मोठ्याने बोलले नाहीत.

"तो खाली ठेवा," ते म्हणाले. "माझी मुलगी आहे ती."

त्याने खाली ठेवला.

त्यांनी तिचा हात धरला, तिने त्यांचा, आणि तसेच एकमेकांना सावरत दोघं गाडीत बसली. तो चष्म्यावर ग्रीस लागलेला मेकॅनिक दाराशी आला. आत वाकून दांडीचा सांधा बघितला. "खालची स्प्रिंग बदलून देतो, हलकं होईल. घरी येतो सुट्टीच्या दिवशी," म्हणाला. दिरांनी मान हलवली. येईल तेव्हा खरं. अजून तरी आलेला नाही.

परतताना उड्डाणपुलाच्या चढावर सिग्नल लागला. हिरवा झाला, दिरांनी दांडी रेटली, गिअर टाकला, आणि गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. मागून हॉर्न सुरू झाले. गाडी जरा मागे घरंगळली तशी चिमणीने हातब्रेक ओढला.

"कोपर सुजलंय तुमचं," ती म्हणाली.

"सुजू दे. तू ब्रेक धर. मी सांगितल्यावर सोड."

"बाबा, मी दोनदा सांगितलं होतं त्यांना."

"मला माहीत आहे गं. पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"मग बोलला का नाहीत इतके दिवस?"

"आता ब्रेककडे लक्ष दे."

मागचा ट्रकवाला डोकं बाहेर काढून काहीबाही ओरडत होता. मी मागे बसून डोळे मिटले आणि देवाचं नाव घ्यायला लागले. दीरही नावं घेत होते, पण कार्यक्रमवाल्यांची, दिग्दर्शकापासून ते परदेशातल्या त्या अश्रू तपासणाऱ्यांपर्यंत एकेकाची, आणि ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. "सोड!" म्हणाले. चिमणीने ब्रेक सोडला. कोणाच्या नामस्मरणाने ते मी सांगू शकत नाही, पण गाडी एक गचका देऊन चढावर सरकली.